चाड्याखालची पुरचुंडी

आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाच्या बायका एकदा मिनीबस करून वेरूळला गेल्या. घृष्णेश्वराचं दर्शन झालं, आणि परत येताना वाटेत शेतीच्या जुन्या वस्तूंचं एक म्युझियम लागतं, तिथंही उतरल्या. माझी माय गुडघा धरल्यामुळं त्या दिवशी गेली नव्हती. संध्याकाळी शेजारच्या काकू प्रसाद द्यायला आल्या आणि दारातूनच सांगू लागल्या, "आजी, तुम्ही यायला पाहिजे होतं. मोट आहे, नांगर आहे, तिफण आहे. अगदी तुमचंच घर मांडून ठेवलंय म्हणा ना."

मी चहा पीत होतो. 'तुमचंच घर' ऐकलं आणि घोट घशात अडकून मला जोराचा ठसका लागला. मायनं पाठीवरून हात फिरवला. "दमानं पी की. कुनी वढून नेतंय का?" म्हणाली.

ठसका लागायला कारण होतं. तिथं ठेवलेली पेरणीची तिफण खरोखरच आमची होती, आणि हे मायला माहीत नव्हतं.

गोष्ट सहा-सात वर्षांमागची. वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. सोयगावच्या बाजूला आमचं गाव, तिथली शेती धाकटा भाऊ बघतो. त्यानं ट्रॅक्टर घेतला, गोठा पाडून शेड टाकायला काढलं आणि मला फोन केला, "दादा, तिफण पडून हाय. लोखंड भंगारात घालतो, लाकूड चुलीला व्हईल. तुला काय पायजे का त्यातलं?" माय तेव्हा तिच्या भावाकडं सिल्लोडला राहायला गेली होती. योगायोगानं महिनाभरापूर्वीच मला एका कार्यक्रमात या म्युझियमचे व्यवस्थापक भेटले होते. कुणाकडं जुनी अवजारं असतील तर द्या, शेजारी देणाऱ्याच्या नावाची पाटी लावू, असं ते म्हणाले होते.

पाटी म्हटल्यावर मी पाघळलो. पाटबंधारे खात्यात अख्खी नोकरी केली, पण माझ्या नावाची पाटी साध्या टेबलावरही कधी लागली नाही. मी लगेच टेम्पो सांगितला. गडबडीत मायला विचारायचं राहून गेलं, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला समजावत होतो. राहून वगैरे काही गेलं नव्हतं. विचारलं तर ती नाही म्हणेल, म्हणून विचारलं नाही.

टेम्पो म्युझियमच्या फाटकाशी रिकामा केला. व्यवस्थापक फोटो काढणार होते, आणि तिफणीवर तर जळमटं लोंबत होती. मी फडकं घेऊन ती पुसायला लागलो. तिफणीच्या माथ्यावर लाकडाची एक खोलगट वाटी असते, तिला चाडं म्हणतात. पेरणारी बाई त्यात मुठीनं बी सोडत चालते आणि ते नळ्यांतून खाली मातीतल्या तासात पडतं. त्या चाड्याच्या बुडाला एक काळपट चिंधी गच्च बांधलेली होती. मला वाटलं, उंदरानं घर केलंय. ओढली तशी ती टर्रकन फाटली, आणि त्यातून राख, लिंबाचा वाळका पाला आणि थोडी किडकी ज्वारी सांडली. खाली राखाडी पेव्हर ब्लॉक होते. मी चिंधी तिथंच झटकली. झाडणारी बाई जवळच होती, तिनं खराट्यानं ते सगळं सुपलीत ओढलं आणि कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकलं. फोटो चांगला आला. त्यात मी पोट आत घेऊन उभा आहे.

त्यानंतर माय सिल्लोडहून परस्पर आमच्याकडं शहरात, गारखेड्याला कायमची राहायला आली, गावाकडं तिचं जाणं झालंच नाही. खंडेनवमीला आमच्यात अवजारांची पूजा असते. त्या सकाळी तिनं मला धाकट्याला फोन लावायला सांगितलं आणि मोठ्यानं विचारलं, "तिफणीला हळदीकुंकू वाहिलं का रं?" तो बिचारा अडकला. "व्हय, वाहिलं," म्हणाला. मायनं लगेच पुढचं विचारलं, "आन् पुरचुंडी नीट हाय ना? उंदरानं कुरतडली नाय ना?" चाड्याचं सगळं बायकांच्या हातात, त्यामुळं कसली पुरचुंडी, काय पुरचुंडी, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं ठोकून दिलं, "नीट हाय."

मी समोर बसून सगळं ऐकत होतो. "कसली पुरचुंडी?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुला कसं ठावं असंल," ती म्हणाली. "तू सुट्टीपुरता घरी."

ते खरंच होतं. पाचवीपासून मी शहरातल्या बोर्डिंगात, त्यामुळं माझी शेती हुरड्यापुरती आणि आंब्यापुरती. मग तिनं सांगितलं. आमच्या घरी पेरणीची शेवटची मूठ पेरायची नाही, अशी रीत होती. ती राखेत नि लिंबाच्या पाल्यात घालून चिंधीत बांधायची आणि चाड्याच्या खाली लटकवायची. पुढच्या साली पेरणीला सुरुवात करताना आधी तिचे दाणे बियात मिसळायचे. चाडं रितं ठेवायचं नाही. रझाकारांच्या धामधुमीत आमची माणसं रातोरात गाव सोडून खानदेशात गेली, तेव्हा माझ्या आजीनं भांडीकुंडी टाकली, तिफणही टाकली, पण ही पुरचुंडी चाड्याखालून सोडवून कनवटीला खोचली. पोलिस ॲक्शन झाल्यावर सगळे माघारी आले. घरात चमचाही उरला नव्हता, तिफण तेवढी होती, लाकूड कोण नेतो म्हणून. लोकांकडून मागून आणलेल्या बियात आजीनं ते दाणे मिसळले आणि पेरलं. माय लग्न होऊन आली त्या वर्षी आजीनं चाड्यावरची मूठ तिच्या हातात दिली. शेवटची पुरचुंडी मायनं बांधली ती वडील गेले त्या सालात. तिफणीमागं चालून त्यांनी पेरलेली ती शेवटची ज्वारी. नंतर धाकट्यानं कापूस आणि मका धरला.

"तुमचे बाबा त्यात हायेत म्हण ना," माय म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

माझ्या डोळ्यांपुढं तो खराटा आणि ती सुपली येत होती. मुळात मी काळजी करणारा माणूस. गॅस बंद केलाय का हे तीनदा बघतो, कुलूप लावून पुन्हा ओढून बघतो. बायको म्हणते, तुम्हाला काळजी नसली की त्याचीच काळजी लागते. आता मला जन्माची पुरेल एवढी काळजी मिळाली. दर वर्षी घटस्थापना झाली की मी दिवस मोजायला लागायचो. खंडेनवमीला फोन व्हायचा, तीच दोन वाक्यं विचारली जायची, धाकटा तीच दोन उत्तरं द्यायचा, आणि मी शेजारी बसून मान डोलवायचो.

अशात काकूंनी म्युझियमची बातमी आणली. मायनं ध्यास घेतला, मला तिथं घेऊन चल. मी दोन महिने तिला टोलवलं. कधी ऊन, कधी गाडीचं काम. एकदा तर सोमवारी बंद असतं म्हणालो आणि त्याच दमात मंगळवारीही बंद असतं असं सांगितलं. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि आत निघून गेली. तिला मी तोवर सगळं सांगितलं होतं. "एकदाचं सांगून मोकळे व्हा," तिचं एकच म्हणणं होतं. मला ते धाडस होत नव्हतं. माय रागावेल याची भीती नव्हती. ती रागावणार नाही, गप्प होईल, आणि त्या गप्प बसण्यापुढं मला बोलता येणार नाही, याची भीती होती.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दिली. "डोळ्याचं काय व्हईल काय नाय," माय म्हणाली, "त्याच्या आदी एकदा दावून आण." येत्या रविवारी जाऊ, मी म्हणालो.

जाण्याआधी मी म्युझियमच्या माणसाला फोन केला. तिकीट फाडणं, वस्तू दाखवणं, फाटक लावणं सगळं तोच बघतो. भला माणूस. तिफण दिली तेव्हापासून मला ओळखतो. मी त्याला सांगितलं, आईसमोर माझी ओळख दाखवू नका आणि ती तिफण कुणाची ते तर अजिबात सांगू नका. तो जरा थांबून म्हणाला, "हौ साब. पर काय झालं?" मी म्हणालो, नंतर सांगतो.

वाटेत दौलताबादचा किल्ला मागं पडेपर्यंत मी मनात पुन्हा पुन्हा उजळणी करत होतो. आधी मोट दाखवायची, मग जातं, चूल, बलुतेदारांची दुकानं. एवढ्यात तिचा गुडघा दुखायला लागेल. मग म्हणायचं, पुढं काही नाही, चल उसाचा रस घेऊ. तिफणीचं छप्पर अगदी शेवटाला आहे, मला माहीत होतं. पाटीची चिंता नव्हती, मायला सहीपुरतंच वाचता येतं आणि आता तेवढंही दिसत नव्हतं. तरी घाम यायचा तो येतच होता.

फाटकाशी त्या माणसानं मला ओळख न दाखवता तिकिटं दिली आणि वस्तू दाखवायला तो बरोबर आत आला. इतकी ओळख दाखवली नाही की मलाच वाईट वाटलं. आत मोटेशी फायबरचे दोन बैल उभे होते. मायनं एकाच्या पाठीवर थाप मारली, पोकळ आवाज आला. "लई पोसलाय," ती म्हणाली. "आन् वेसण कुटंय ह्याची? बिनवेसणीचा बैल मोटंला जुपलाय, कोन शाना माणूस म्हणायचा!" तो म्युझियमचा माणूस मोकळेपणानं हसला. मीही हसलो, पण माझं लक्ष तिच्या गुडघ्याकडं होतं. गुडघा काही दुखेना. घरी देव्हाऱ्यापर्यंत जाताना विव्हळणारी माझी माय तिथं पोरीसारखी चालत होती.

जात्याशी तिनं एक फेरा ओढून बघितला. चुलीशी वाकून राख नाही म्हणून नावं ठेवली. मी म्हणालो, "झालं माय, आता रस घेऊ."

"तिफण राहिली की. काकू म्हनली होती. कुटं हाय हो भाऊ?"

मी त्या माणसाला डोळ्यांनी खुणावेपर्यंत त्याचा हात वर झाला होता. "वो देखो मौसी, सामने छपरात."

ती निघाली. मी झपाझप पुढं जाऊन पाटीच्या समोर उभा राहिलो. जिला वाचता येत नाही तिच्यापासून पाटी लपवायला. इतका माझा मेंदू चालेनासा झाला होता.

म्युझियममध्ये वस्तूंना हात लावू नये असं लिहिलेलं असतं. मायनं सरळ तिफणीच्या मुठीला, रुमण्याला हात घातला. मग दांडीवरून हात नेत नेत ती पुढं सरकली, एखाद्या जनावराला कुरवाळावं तशी. तिच्या डोळ्यांना आता धुरकटच दिसायचं, त्यामुळं ती सगळं बोटांनीच बघत होती. बोटं चाड्यावर आली. आमच्या चाड्याला एका बाजूनं तडा गेलेला, आणि वडिलांनी त्याला तांब्याच्या तारेचे चार वेढे देऊन तो आवळलेला. तिची बोटं त्या तारेवर थांबली. एकेक वेढा तिनं मोजला. मला वाटलं, आता संपलं.

मग तिचा हात चाड्याच्या खाली गेला. बुडाशी तिनं चाचपलं. पुन्हा एकदा चाचपलं, या बाजूनं, त्या बाजूनं. हात बाहेर काढून पदराला पुसला.

"ही आपली नव्हं," ती म्हणाली.

माझ्या तोंडून निघालं, "आँ?"

"तार आपल्यावाणीच हाय. मला वाटलं, आपलीच. पर आपलीला पुरचुंडी हाय." तिनं श्वास सोडला, आणि तिचा चेहरा सैल पडला. "ही दुसऱ्या कुणाची हाय. बिचाऱ्यांनी रिती करून दिली बग."

मी वाचलो होतो. जे पाप केलं होतं त्यानंच मला वाचवलं होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर झालाही. मग मी मागच्या पाटीला टेकलो.

माय त्या माणसाकडं वळली. "भाऊ, ज्याची हाय त्याला निरोप देशील का? म्हणावं, पाच दाणं तरी बांधून जा. असं रितं चाडं ठिवू नाय. माझ्याकडं आत्ता दाणं असतं तर म्याच बांधलं असतं."

तो माणूस तिच्याकडं बघत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता, माझ्या पाठीमागच्या पाटीकडं, आणि परत माझ्याकडं. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"हौ मौसी," तो हळू आवाजात म्हणाला. "सांगतो मैं मालकाला."

परतीच्या वाटेवर माय खुशीत होती. रस प्यायली, दोन ग्लास. मग म्हणाली, "डोळे येऊ दे. पयलं गावाकडं जाऊ. आपली तिफण या डोळ्यानं बगायची हाय मला एकदा."

मी म्हणालो, "व्हय, जाऊ." ऑपरेशनला आठ दिवस होते.

त्या आठ दिवसांत धाकट्यानं एक तोड काढली. सिल्लोडकडं कुणाच्या तरी गोठ्यात जुनी तिफण मिळेल, ती आणू, तडा पाडू, तार गुंडाळू, चिंधी बांधू. ऐकून तुम्ही हसाल, पण मी दोन दिवस यावर मनापासून विचार केला. तार किती जाड हवी इथपर्यंत आम्हा दोघा भावांचं फोनवर बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी मलाच शिसारी आली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासणीत मायची शुगर फार वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर गोळ्या देऊ, मग बघू. मी गंभीर चेहरा करून मान हलवली. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी मनात देवाचे आभार मानत होतो. अजून एक महिना तिला दिसणार नव्हतं. मायनं माझं कोपर घट्ट धरलं होतं. प्रत्येक पायरी ती आधी पायानं चाचपायची आणि मग वजन टाकायची.

"किती ऱ्हायल्या रं अजून?" तिनं विचारलं.

"तीनच," मी म्हणालो. आपल्या आईला दिसू नये असं वाटणारा पोरगा म्हणजे आपण, एवढंच मला कळत होतं, आणि स्वतःची लाज वाटत होती.

त्याच दुपारी मी तिला सांगितलं. ती खाटेवर बसून वाती वळत होती. धाकट्यानं पाठवलेला घरचा कापूस होता. वाती वळायला तिला डोळे लागत नाहीत. मी ठरवून बसलो होतो, आता एकही खोटं बोलायचं नाही. ती म्युझियममधली तिफण आपलीच, मीच दिली, तुला विचारलं नाही, पाटीवर माझं नाव आहे, धाकटा दर वर्षी माझ्यासाठी खोटं बोलतो, हे सगळं एका दमात सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत. एक वात झाली, दुसरी झाली.

"दिली ते दिली," ती शेवटी म्हणाली. "लाकूडच ते. धाकट्यानं जाळलंच असतं." मग जरा वेळानं, "आन् पुरचुंडी?"

"उंदराचं घर समजलो मी. ओढली तशी फाटली. झटकून टाकली."

आता हात थांबले. "कुटं?"

"तिथंच. फाटकाजवळ."

ज्या गप्प बसण्याला मी इतकी वर्षं भीत होतो, ते हेच. कापसाचा पुंजका तिच्या मांडीवर तसाच पडून होता.

"फाटकाजवळ काय हाय रं," तिनं विचारलं, "माती, का फरशी?"

मला ते राखाडी ब्लॉक दिसले, खराटा दिसला, सुपली दिसली.

"माती," मी म्हणालो.

"काळी का मुरमाड?"

"काळी हाय, माय."

"मग उगवली असंल," ती म्हणाली, आणि तिनं पुढची वात वळायला घेतली.